मेरिनो की 'वुलन'? ट्रेकचे मोजे घेताना

थंडीची चाहूल लागली की ठाण्यात रस्त्याकडेला स्वेटर-टोप्यांचे ठेले लागतात. तिथे जाडजूड 'वुलन' मोजेही असतात. ट्रेकिंगच्या दुकानात जवळपास तसेच दिसणारे मेरिनोचे, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या बारीक लोकरीचे मोजे चार-पाच पट किमतीला मिळतात. हातात घेतले तर दोन्ही मऊ. माहुली गडाला पहिल्यांदाच निघालेला माणूस म्हणतो, लोकर ती लोकर, आणि स्वस्तातली जोडी उचलतो. त्या जोडीत बहुतेक वेळा लोकर नसतेच. असतं ते ॲक्रिलिक, म्हणजे पेट्रोलियमपासून बनवलेला धागा, लोकरीसारखा दिसावा म्हणून फुगवलेला.

हा फरक पायाला कळतो तो घाम आल्यावर. ॲक्रिलिकचा धागा स्वतःच्या वजनाच्या एक-दोन टक्केच दमटपणा शोषतो. मेरिनो मात्र वजनाच्या साधारण एक तृतीयांश ओलावा धाग्याच्या आत घेतं आणि तरी हाताला फारसं ओलं लागत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात येऊरला किंवा खारघरच्या टेकडीवर चढताना बुटातला घाम जायचा कुठे? तो कातडीवरच राहिला की कातडी भिजून मऊ पडते, घासली जाते आणि टाचेला फोड येतो. उतरणीवर पाय पुढे सरकतो, तेव्हा हाच प्रकार अंगठ्याशी होतो.

आपल्याकडे हमखास विचारलं जातं की एवढ्या गरमीत लोकर कशाला? मोजा किती गरम होणार हे मुख्यतः विणीच्या जाडीवर ठरतं. सह्याद्रीत हिमालयाचे जाड मोजे लागत नाहीत. तळव्याला आणि टाचेला आतून टॉवेलसारखे फासे आणि वर पातळ वीण, एवढं पुरतं. टोचण्याची भीतीही मेरिनोबाबत सोडून द्यावी. त्याचा धागा साधारण १७ ते २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कातडीला लागताच वाकणारा. दख्खनी मेंढीची लोकर याहून बरीच जाड आणि राठ, म्हणून तिचं घोंगडं पावसाला दणकट पण उघड्या अंगाला बोचरं.

आता टिकाऊपणा. इथे भले भले फसतात, कारण '१०० टक्के मेरिनो' वाचून तीच सर्वांत चांगली जोडी असं वाटतं. नुसतं मेरिनो नाजूक असतं, टाचेला लवकर विरतं. चालण्याच्या मोज्यात निम्म्याहून थोडं जास्त मेरिनो, पाव ते एक तृतीयांश नायलॉन आणि जरासं इलॅस्टिक हवं. माझं मत विचाराल तर नायलॉनचा आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊच नयेत. वापरलेला मोजा उलटा करून टाच उजेडासमोर धरा. लोकर झिजून गेलेली असते, पण नायलॉनची बारीक जाळी अजून शाबूत दिसते. भोक पडायचं थांबलंय ते तिच्यामुळे.

मोजा खाते ती बुटात शिरलेली बारीक रेती. ओली लोकर कोरडीपेक्षा कमकुवत, त्यामुळे पावसाळी ट्रेकला झीज अधिक. बूट सैल असला तर प्रत्येक पावलाला टाच घासते, आणि वाढलेलं नख पुढून भोक पाडतं. ॲक्रिलिकला भोक पडायला कदाचित वेळ लागेल, पण त्याआधीच त्यावर गोळे धरतात, फासे चपटे होतात आणि पायाखालची गादी संपते.

धुताना मेरिनो उलटं करून गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवा. गरम पाण्यात चोळलं तर लोकरीच्या धाग्यावरचे बारीक खवले एकमेकांत अडकून मोजा आटू शकतो. जुलैत गॅलरीत वाळायला ते वेळ घेतं, हे मात्र खरं. तिथे ॲक्रिलिक सरस, शिवाय त्याला कसरीचा धोका फारसा नाही. मेरिनो ठेवायचं तर धुऊन, पूर्ण वाळवूनच. घामट लोकरीला कसर आधी लागते.

ओळखायचं कसं? एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळला तर लोकर केस जळल्याच्या वासाची राख होते आणि ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी बनतो. नायलॉन मिसळलेल्या मोज्यात दोन्ही खुणा दिसतात, म्हणून आतल्या पट्टीवरचे टक्के वाचणंच बरं. त्यावर ॲक्रिलिक पहिलं असेल, तर पुढे काहीही छापलेलं असो, ती ट्रेकची जोडी नव्हे.

बजेट कमी असेल तर मेरिनोची एकच जोडी घ्या आणि ती फक्त चालण्यासाठी राखा. घरात 'वुलन'ची जोडी असेलच, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सॅकमध्ये टाका. डिसेंबरात गडावर मुक्काम असेल तर ओले मोजे काढून रात्री स्लीपिंग बॅगमध्ये तीच चढवा. त्या वेळी पाय घामेजत नाहीत आणि चालायचंही नसतं, त्यामुळे ॲक्रिलिक आपलं काम चोख करतं.