सिकाडाचा पंख आणि जांभळा दिवा

सिकाडा हा किडा पावसाच्या तोंडावर सह्याद्रीतलं रान नुसतं दणाणून सोडतो. त्याच्या एका ऑस्ट्रेलियन भाऊबंदाच्या पारदर्शक पंखावर मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातल्या एलेना इव्हानोव्हा आणि रसेल क्रॉफर्ड यांच्या गटाने स्युडोमोनास जिवाणू सोडले. भाजलेल्या जखमा चिघळवणारा, अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारा हा जिवाणू पाचेक मिनिटांत मेला. हे २०१२ साली प्रसिद्ध झालं.

पंखावर एखादं रसायन तर नसेल? ही शंका फेडायला त्यांनी पंखाला १० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा मुलामा दिला. तरी जिवाणू मरतच राहिले. म्हणजे करामत होती ती पंखाच्या घडणीची. त्यावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीच्या खुंट्या दाटीने उभ्या असतात. माणसाचा केस त्यांच्या टोकाच्या हजारपट जाड. या खुंट्या जिवाणूला भोसकत नाहीत. पावसाचं पाणी साचलेली मांडवाची ताडपत्री दोन वाशांच्या मध्ये झोळ धरते, ताणत जाते आणि टर्रकन फाटते ना, अगदी तसं खुंट्यांना चिकटलेल्या जिवाणूचं आवरण मधल्या जागेत ताणून फाटतं.

जाड भिंतीचे स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू मात्र या पंखावर तगतात, आणि रुग्णालयांना छळणारा एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या प्रतिजैविकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस, त्यांच्यातलाच. त्याच्यावर प्रकाश चालतो. जिवाणूच्या पोटातच पॉर्फिरिन असतात, आपल्या रक्ताला लाल रंग देणाऱ्या हीमच्या कुळातले रेणू. ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळट प्रकाश पडला की ते ऊर्जा शोषून शेजारच्या ऑक्सिजनला देतात, आणि तो चवताळलेला ऑक्सिजन प्रथिनं, मेद, डीएनए, समोर येईल ते जाळत सुटतो. प्रतिजैविक बहुधा एकाच कुलपाला किल्ली लावतं. जिवाणूने कुलूप बदललं की ते निकामी. इथे घाव चहूबाजूंनी पडतात, त्यामुळे पळवाट काढणं फार अवघड. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

ग्लासगोत स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दिवे रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात छताला लावून पाहिले. अतिनील दिव्यासाठी खोली रिकामी करावी लागते, इथे रुग्ण आणि परिचारिका तिथेच वावरत होते. आसपासच्या पृष्ठभागांवरचे जिवाणू घटले. मात्र त्याला तास न् तास लागतात, आणि पलंगाच्या कठड्याच्या खालच्या अंगाला, जिथे हात नेहमी लागतो, उजेड पोचत नाही. खुंट्यांवरही मेलेल्या जिवाणूंचा थर साचतो आणि तो पुसावाच लागतो.