रिझोल्यूशन कोणतं, कॉलमचं की मासचं?

"मशीन हाय रिझोल्यूशन आहे ना, मग वीस मिनिटांचा रन कशाला? तीन मिनिटांत उरकू." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की बोलणाऱ्याने 'मशीन' म्हटलं की पुढचं आपोआप कळतं. नवीन एलसी-एमएस बसतं (मिश्रणातले पदार्थ आधी कॉलम नावाच्या नळीतून वेगवेगळ्या वेळी बाहेर काढायचे आणि मग 'मास'ने त्यांचं वस्तुमान मोजायचं, असं हे यंत्र), इंजिनिअर स्क्रीनवर मास रिझोल्यूशनचा एक लाख वीस हजाराचा आकडा दाखवतो, आणि त्या दिवसापासून कॉलमकडे कुणी बघेनासं होतं. गोंधळाचं मूळ शब्दातच आहे. क्रोमॅटोग्राफीवाले आणि मासवाले दोघंही 'रिझोल्यूशन' म्हणतात, दोघंही त्याचा अर्थ 'दोन गोष्टी वेगळ्या दिसणं' असाच सांगतात, आणि दोघंही बरोबर असतात. वेगळं काय होतंय आणि कुठल्या टप्प्यावर होतंय, एवढं विचारायचं मात्र राहून जातं.

कॉलमचं रिझोल्यूशन एचपीएलसी (द्रव क्रोमॅटोग्राफी) चालवणाऱ्याला शिकवायला नको. दोन पीकच्या (आलेखातल्या उंचवट्यांच्या) माथ्यांमधलं वेळेचं अंतर, भागिले त्यांच्या पायथ्यांची सरासरी रुंदी. दीड आलं की बेसलाइनपर्यंत सुटे. एकच्या खाली गेलं की पीकचं क्षेत्रफळ मोजायची, म्हणजे इंटिग्रेशनची, रेघ कुठे मारायची यावरून वाद. कॉलमची लांबी दुप्पट करून ते १.४ पटच वाढतं, म्हणून जाणकार माणूस आधी मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) नाहीतर कॉलमची केमिस्ट्री बदलून बघतो. हे झालं.

मासचं रिझोल्यूशन म्हणजे आयनचा (विद्युतभार असलेल्या रेणूचा) एम बाय झेड, म्हणजे वस्तुमान आणि भाराचं गुणोत्तर, भागिले त्याच्या पीकची रुंदी. ही रुंदी हल्ली निम्म्या उंचीवर मोजतात. जुन्या मॅग्नेटिक सेक्टरवाल्यांची (चुंबकाने आयन वेगळे करणाऱ्या मास मशीनवाल्यांची) पद्धत वेगळी: दोन सारख्या पीकमधली दरी उंचीच्या १० टक्क्यांवर उतरली की ते सुटले असं धरायचं. त्या पद्धतीचे १०,००० म्हणजे निम्म्या उंचीच्या पद्धतीचे जवळपास २०,०००. त्यामुळे अहवालात नुसतं 'रिझोल्यूशन ६०,०००' लिहिलेलं दिसलं की मी थांबतो. कुठल्या एम बाय झेडला? ऑर्बिट्रॅप प्रकारच्या मास मशीनमध्ये एम बाय झेड चौपट झाला की रिझोल्यूशन निम्मं होतं. २०० ला १,२०,००० देणारं मशीन ८०० ला ६०,०००च देतं.

हे रिझोल्यूशन कामाचं आहे, यात शंका नाही. नायट्रोजनचं वस्तुमान २८.००६१, कार्बन मोनॉक्साइडचं २७.९९४९, इथिलीनचं २८.०३१३. साध्या क्वाड्रुपोलला (कमी रिझोल्यूशनच्या मास मशीनला) तिन्ही २८ दिसतात. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड सुटे करायला साधारण २,५०० रिझोल्यूशन पुरतं, म्हणजे आजच्या टाइम ऑफ फ्लाइट मशीनला हे काम हलकंच आहे.

आता जिथे माणसं खरी अडखळतात तिथे येतो. मास अॅनालायझर आयनचं वस्तुमान मोजतो, त्याची रचना त्याला दिसत नाही. दोन रेणूंत तेच अणू तितकेच असतील तर त्यांचं वस्तुमान शेवटच्या दशांशापर्यंत एकच असतं. मॉर्फिन आणि हायड्रोमॉर्फोन, दोघंही प्रोटॉन घेऊन २८६.१४३८ ला येतात. रिझोल्यूशन दहा हजारावरून दहा लाखावर नेलं तरी तिथे एकच पीक राहणार. फक्त तो जास्त सडपातळ होईल.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण नवजात बाळांच्या तपासणीत आहे. बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब कागदावर सुकवतात, त्यातली अमिनो आम्लं काढून कॉलम न लावता थेट टँडेम मासला (आयन फोडून त्याचे तुकडेही मोजणाऱ्या मशीनला) देतात. हजारो नमुने झपाट्याने व्हायला हवेत, म्हणून ही सोय योग्यच आहे. ल्यूसिनचा आकडा वर गेला की मेपल सिरप युरिन डिसीजची (ल्यूसिनसारखी अमिनो आम्लं शरीरात न फुटण्याच्या जन्मजात आजाराची) शंका घ्यायची, कारण त्या आजारात उशीर झाला तर बाळाच्या मेंदूला इजा होते. पण एम बाय झेड १३२ ला जो आकडा येतो तो एकट्या ल्यूसिनचा नसतो. आयसोल्यूसिन, अॅलोआयसोल्यूसिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिनही तिथेच बसतात, आणि फोडल्यावर चौघांचाही ८६ चा तुकडा निघतो.

या चौघांकडे नीट पाहा. हायड्रॉक्सीप्रोलिन १३२.०६५५ ला आहे, बाकीचे तिघं १३२.१०१९ ला. म्हणजे ३,६०० च्या आसपास रिझोल्यूशन मिळालं की हायड्रॉक्सीप्रोलिन बाजूला निघतं. चांगली गोष्ट आहे, कारण ते वाढलेलं असणं सहसा निरुपद्रवी असतं आणि विनाकारण एका घराला घोर लागतो. पण आजाराची खरी खूण आहे अॅलोआयसोल्यूसिन. ते आणि आयसोल्यूसिन यांच्यात फरक फक्त एका कार्बनपाशी अणू कुठल्या बाजूला वळलेत एवढाच. तिथे जगातलं कुठलंही मास रिझोल्यूशन चालत नाही. म्हणून शंकास्पद नमुना दुसऱ्या फेरीत कॉलमवरून जातो आणि तिथे ते तिघं आपापल्या वेळेला उतरतात. १३२ लाच दिसणाऱ्या चार पदार्थांतला एक मासने सोडवला, तिघं कॉलमने. दोन रिझोल्यूशनमधला फरक मला याहून स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आयसोमरचं (तेच अणू, पण वेगळी रचना असलेल्या रेणूंचं) हे बहुतेकांना एकदा सांगितलं की पटतं. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "आमच्या नमुन्यात आयसोमर नाहीच, आता तरी तीन मिनिटांत उरकू?" यूव्ही डिटेक्टरवर (अतिनील प्रकाशाचं शोषण मोजणाऱ्या यंत्रावर) वाढलेली माणसं इथे हमखास फसतात. यूव्हीमध्ये दोन पदार्थ एकत्र उतरले तर त्यांच्या शोषणाची बेरीज होते. पीक फुगतो, खांदा दिसतो, काहीतरी बिघडलंय हे कळतं. मासमध्ये उलट होतं. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे मासच्या तोंडाशी आयन बनवणाऱ्या सोर्समध्ये, द्रावणाचे बारीक थेंब उडतात, त्यांवरचा विद्युतभार मर्यादित आणि थेंबाच्या पृष्ठभागावरची जागाही मर्यादित. तुमच्या पदार्थाबरोबर रक्ताच्या प्लाझ्मातले फॉस्फोलिपिड (स्निग्ध पदार्थ) उतरले तर भार आणि जागा ते बळकावतात आणि तुमच्या पदार्थाचे आयन कमी बनतात. तुम्ही फक्त तुमच्याच एम बाय झेडकडे बघत असता, त्यामुळे फॉस्फोलिपिड स्क्रीनवर दिसतही नाहीत. पीक सुबक, वस्तुमान चौथ्या दशांशापर्यंत बरोबर, आणि आकडा निम्मा.

हे सगळं सोर्समध्ये घडतं, आयन अॅनालायझरपर्यंत पोचायच्या आधी. मासचं रिझोल्यूशन सुरू होतं ते त्याच्यानंतर. जे आयन बनलेच नाहीत ते कितीही रिझोल्यूशन लावून परत येत नाहीत. त्या दोन पदार्थांना सोर्सपाशी वेगवेगळ्या वेळी पोचवण्याचं काम कॉलमचंच.

विश्वास बसत नसेल तर एक प्रयोग अर्ध्या दिवसात होतो. कॉलमनंतर टी-जॉइंट लावा, सिरिंज पंपाने स्टँडर्डचं (मोजायच्या पदार्थाच्या शुद्ध नमुन्याचं) द्रावण एकसारखं सोडत राहा. स्क्रीनवर सपाट रेघ येईल. आता औषध नसलेल्या, ब्लँक प्लाझ्माचा अर्क इंजेक्ट करा. सुरुवातीला, कॉलमवर न थांबलेले क्षार बाहेर पडतात तिथे, रेघ खाली कोसळते. मग सावरते, आणि ग्रेडियंटच्या (मोबाइल फेजचं मिश्रण हळूहळू बदलत नेण्याच्या) शेवटी ऑर्गॅनिक द्रावक वाढतं तिथे फॉस्फोलिपिड येऊन पुन्हा एक लांबट खड्डा पाडतात. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा पीक त्या पहिल्या खड्ड्याच्या उतारावर बसलेला निघाला. त्याआधीच्या कित्येक आठवड्यांचे आकडे मी त्या रात्री पुन्हा काढून बघितले. रन चार मिनिटांनी लांबवला आणि पीक सपाट भागात आला.

"पण आम्ही डॉयटेरेटेड इंटर्नल स्टँडर्ड घालतो" (म्हणजे डॉयटेरियम हा जड हायड्रोजन असलेला तोच पदार्थ ठरावीक प्रमाणात नमुन्यात मिसळून दोघांचं गुणोत्तर बघतो) हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. रिव्हर्स्ड फेज प्रकारच्या कॉलमवर डॉयटेरियमवाला रेणू मूळ रेणूच्या किंचित आधी उतरतो. खड्ड्याचा उतार तीव्र असेल तर तेवढ्या दोन-तीन सेकंदांतही दोघांवरचं सप्रेशन (आयन कमी बनणं) वेगळं पडतं आणि गुणोत्तर हलतं. कार्बन-१३ वालं स्टँडर्ड बरोबर एकाच वेळी उतरतं. मिळत असेल तर मी तेच घेतो, महाग पडलं तरी.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर मासवाल्यांवर अन्याय होईल. २०२० साली अमेरिकेत मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या औषधाच्या गोळ्यांमध्ये एनडीएमए (कर्करोगाचा धोका असलेली अशुद्धी) सापडलं, तेव्हा एका खासगी प्रयोगशाळेचे आकडे एफडीए या तिथल्या औषध नियामकाच्या आकड्यांपेक्षा चढे होते. एनडीएमएची रोजची स्वीकार्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम, त्यामुळे थोडा चढ-उतारही गोळी बाजारात राहणार की नाही हे ठरवतो. कारण निघालं डीएमएफ हे द्रावक. डीएमएफ ७४.०६०० ला असतं, एनडीएमए ७५.०५५३ ला, म्हणजे वरवर काही संबंध नाही. पण निसर्गात नायट्रोजनच्या हजार अणूंतले तीन-चार १५ वस्तुमानाचे असतात, आणि असा अणू असलेलं डीएमएफ ७५.०५७१ ला येतं. एनडीएमएपासून अंतर फक्त ०.००१८. डीएमएफ भरपूर असेल आणि कॉलमवर एनडीएमएच्या सोबत उतरत असेल, तर हे 'हजारातले तीन-चार'ही पुरतात. कॉलमने हात टेकले तर इथे मासचं रिझोल्यूशन ४२,००० च्या पुढे हवं, आणि आकडा काढताना धरलेली वस्तुमानाची खिडकीही अरुंद हवी. दोघांतलं अंतर २४ पीपीएम (दहा लाखांत २४ भाग). खिडकी त्याहून सैल ठेवली की डीएमएफ एनडीएमए म्हणून मोजलं जातं.

या पीपीएमवरून दुसरा एक घोळ होतो, तो थोडक्यात. 'आमची अॅक्युरसी ३ पीपीएम आहे' म्हणजे रिझोल्यूशन चांगलं आहे असं होत नाही. पीकचा मध्य खऱ्या वस्तुमानाच्या किती जवळ आला ती अॅक्युरसी. पीक किती अरुंद आहे ते रिझोल्यूशन. दोन आयन एकमेकांत मिसळले की मध्य दोघांच्या मधे कुठेतरी पडतो आणि तिथे कुठलाच पदार्थ नसतो. आणि हा पीपीएम वस्तुमानातल्या चुकीचा आहे, नमुन्यातल्या प्रमाणाचा नाही. एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांनी पीपीएम लिहिणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो की प्रमाण मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅममध्ये लिहा.

दोन्ही रिझोल्यूशन एकमेकांकडून वेळ घेतात, हेही लक्षात ठेवायला हवं. ऑर्बिट्रॅपवर रिझोल्यूशन दुप्पट करायचं तर सिग्नल दुप्पट वेळ नोंदवावा लागतो. एका प्रचलित मॉडेलवर १,२०,००० ला एक स्कॅन साधारण पाव सेकंदाचा आहे, २,४०,००० ला अर्ध्या सेकंदाचा. बारीक कणांच्या कॉलमवर पीक तीन सेकंदांचा असेल तर पहिल्यात १२ बिंदू मिळतात, दुसऱ्यात ६. सहा बिंदूंवर काढलेलं क्षेत्रफळ प्रत्येक इंजेक्शनला हलतं. म्हणून परिमाण काढायचं असेल तेव्हा मी मास रिझोल्यूशन गरजेपुरतंच ठेवतो आणि कॉलम नीट जमवण्यावर आठवडा घालवतो.

पद्धत लिहिताना आमच्याकडे दोन वेगळे रकाने असतात. पहिल्यात कॉलमचं रिझोल्यूशन, कुठल्या दोन पदार्थांमधलं ते नावानिशी; त्यांतला एक पदार्थ जवळचा आयसोमर असलाच पाहिजे. दुसऱ्यात मासचं रिझोल्यूशन, कुठल्या एम बाय झेडला आणि कुठल्या उंचीवरच्या रुंदीने. पहिला रकाना रिकामा आला तर मी सही करत नाही.