एकाच प्लेअरमधले जगाचे दोन नकाशे

डीव्हीडी प्लेअरच्या मागच्या बाजूला पृथ्वीगोलाचं छोटं चित्र असतं आणि त्यात एक आकडा. भारतासाठी तो 5. प्लेअर विकत घेताना हा आकडा कुणी फारसा पाहत नाही. परदेशातून आणलेली डिस्क चालेना की मग तो शोधला जातो.

डीव्हीडी नोव्हेंबर 1996 मध्ये जपानात आणि मार्च 1997 मध्ये अमेरिकेत बाजारात आली. तेव्हा हॉलिवूडचे बरेच चित्रपट अमेरिकेत लागल्यावर काही महिन्यांनी इतर देशांत पोहोचत. तोवर तिकडे डिस्क निघाली आणि ती बाहेर गेली, तर थिएटरचा गल्ला बुडेल ही स्टुडिओंची भीती. शिवाय वितरणाचे हक्क देशोदेशी वेगळ्या कंपन्यांना विकलेले. म्हणून जगाचे सहा भाग, म्हणजे रीजन, पाडले. अमेरिका-कॅनडा 1, पश्चिम युरोप आणि जपान 2, ऑस्ट्रेलिया आणि लॅटिन अमेरिका 4, भारत, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग 5, चीन 6. विमानं-जहाजांसाठी वेगळा 8. डिस्कवर कोणते रीजन चालतील याची खूण असते, ती जुळली नाही की प्लेअर नकार देतो. डिस्क आणि यंत्र दोन्ही धडधाकट, अडवणूक निव्वळ व्यापारी. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या वस्तूवर असं कुलूप घालणं मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

त्यात टीव्हीच्या पद्धतीची भर पडली. भारतात पाल, अमेरिका-जपानात एनटीएससी. ही अडचण खरोखर तांत्रिक, रीजनशी तिचा संबंध नाही. पण माहितीपत्रकात दोन्ही शेजारी शेजारी छापलेलं असल्यामुळे लोक एकच समजत. हिंदी चित्रपटांच्या पुष्कळ डीव्हीडी तर ‘ऑल रीजन’ आणि एनटीएससी अशाच निघत, कारण परदेशातला भारतीय ग्राहक मोठा. त्यामुळे मुंबईहून नेलेली हिंदी डिस्क न्यू जर्सीतल्या मराठी घरात चाले आणि तिथून पुण्याला पाठवलेली इंग्रजी डिस्क अडे.

रिमोटवर ठरावीक बटणं दाबून कुलूप काढण्याच्या युक्त्या लवकरच पसरल्या. त्यावर 2000 च्या सुमारास काही डिस्क स्वतःच प्लेअरचा रीजन तपासू लागल्या. सगळ्यांना होकार देणारा प्लेअर त्यांनी नेमका नाकारला. म्हणजे ‘रीजन फ्री’ लिहिलेलं यंत्रही खात्रीचं राहिलं नाही. संगणकातल्या ड्राइव्हला तर रीजन पाचदाच बदलता येई, नंतर तो कायमचा.

डीव्हीडीनंतरची जास्त स्पष्ट चित्राची डिस्क, ब्लू-रे, 2006 मध्ये आली आणि नकाशा नव्याने काढला गेला: ए, बी, सी. भारत सी मध्ये. जपान डीव्हीडीसाठी युरोपसोबत होता, तो ब्लू-रेसाठी अमेरिकेसोबत ए मध्ये गेला. वर ‘प्रोफाइल’चा, म्हणजे प्लेअरच्या क्षमतेच्या पातळ्यांचा, घोळ वेगळाच. 1.0, 1.1, 2.0 यांतल्या फक्त 2.0 ला इंटरनेट जोडणी आणि 1 जीबी साठवणूक लागे, आणि ती जागा काही प्लेअरांमध्ये नसल्याने यूएसबी स्टिक वेगळी विकत घ्यावी लागे. दुकानात हे कोण समजावून सांगणार?

2016 मध्ये आलेल्या 4के अल्ट्रा एचडी ब्लू-रेला रीजन ठेवलाच नाही. पण त्याच प्लेअरमध्ये जुनी ब्लू-रे घातली की ए-बी-सी आडवं येतं आणि डीव्हीडी घातली की पृथ्वीगोलातला तोच आकडा.