मित्राची मचमच आणि आपला मेंदू

ऐरोलीतल्या एखाद्या आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये दुपारी एकच्या सुमाराला डबे उघडतात. मटकीची उसळ, पोळ्या, कोणाच्या डब्यात सुकट. बसणारे चौघे नेहमीचेच. त्यातला एक जण तोंड उघडं ठेवून जेवतो आणि समोरच्याचं लक्ष स्वतःच्या डब्यावरून उडून त्या मचमचीवर जाऊन बसतं. जेवण संपेपर्यंत दुसरं काही ऐकूच येत नाही. बोलायचीही सोय नसते, कारण मित्र चांगला असतो, अडीअडचणीला धावून येणारा असतो. मग पाठीमागे कुजबुज होते: याला घरी कोणी वळण लावलं नाही का?

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटतो. वळणाचा भाग आहेच. पण त्याच्या आधी हाडांचा, नाकाचा आणि मेंदूचा भाग आहे. तो कळला की मित्राशी काय बोलायचं हेही बरंचसं सुचतं.

मुळात त्याला तो आवाज ऐकू येत नाही, निदान आपल्याला येतो तसा. चावण्याचा आवाज खाणाऱ्याच्या कानात दोन वाटांनी शिरतो. एक हवेतून, दुसरी जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतून थेट अंतर्कर्णात. हाडांच्या वाटेनं जाड, खर्जातले आवाज चांगले पोचतात. ओठ-जिभेचे चिकट, बारीक आवाज त्यात दबून जातात. करून बघा. भाजलेले शेंगदाणे तोंडात टाका, दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा आणि चावा. आवाज कमी होण्याऐवजी डोक्यात घुमायला लागतो. ही झाली हाडांची वाट. समोरच्याला मात्र फक्त हवेतला आवाज मिळतो. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज परका वाटतो तोही याच कारणानं.

शिवाय आपल्याच हालचालीतून काय जाणवणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि ती जाणीव मंद करतो. स्वतःला गुदगुल्या होत नाहीत त्या यामुळेच. १९९८ साली सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये केलेल्या प्रयोगांतून यात लहान मेंदूचा, म्हणजे डोक्याच्या मागे, खालच्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागाचा, हात असल्याचं दिसलं. आपल्या तोंडातून निघणाऱ्या आवाजांनाही मेंदू अशीच कात्री लावतो. मित्र ‘मी कुठे आवाज करतो?’ असं विचारतो तेव्हा तो बहुतेक खरंच बोलत असतो.

आता नाक. तोंड मिटून चावायचं तर श्वास नाकानं घ्यावा लागतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या धुळीनं नाक कायम चोंदलेलं असेल, ॲलर्जी असेल किंवा नाकाचा मधला पडदा वाकडा असेल, तर घास तोंडात असताना ओठ उघडावेच लागतात. त्यात प्रत्येक घोट गिळताना श्वास क्षणभर थांबतोच. अशा माणसाला ‘तोंड मिटून खा’ म्हणणं म्हणजे श्वास रोखून खा म्हणणं. मित्र चालतानाही तोंडानं श्वास घेतो का, रात्री घोरतो का, हे एकदा पाहावं. तसं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला सुचवणं हाच खरा उपाय. ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, लाळ चिकट होते आणि जीभ टाळूपासून सुटताना टकटक आवाज येतो; तेही ध्यानात ठेवलेलं बरं.

सगळेच आवाज वाईट नसतात, हेही सांगायला हवं. गरम आमटीचा भुरका मारला की पातळ पदार्थासोबत हवा आत जाते, तो थोडा निवतो आणि त्याचा वास घशामागून नाकात चढतो. चहाची पारख करणारे चमच्यातला चहा मुद्दाम जोरात ओरपतात ते याचसाठी. पापडाची मजा तर अर्धी कानातच असते. ऑक्सफर्डच्या झाम्पिनी आणि स्पेन्स यांनी २००४ मध्ये लोकांना बटाट्याच्या चकत्या चावायला दिल्या आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून बदलून ऐकवला. आवाज मोठा आणि बारीक-तीव्र केला की त्याच चकत्या जास्त कुरकुरीत, ताज्या वाटल्या.

मग मचमचीनंच एवढा संताप का होतो? थोडी चीड बहुतेकांना येते. काहींना मात्र छातीत धडधडतं, ताटावरून उठून जावंसं वाटतं. या अवस्थेला मिसोफोनिया हे नाव २००१ मध्ये मिळालं. ब्रिटनमधल्या २०२३ च्या एका पाहणीत सुमारे १८ टक्के लोकांना याचा लक्षणीय त्रास असल्याचं आढळलं. न्यूकॅसल विद्यापीठात सुखबिंदर कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अशा लोकांना पावसाचा, बाळाच्या रडण्याचा आणि खाण्याचा आवाज ऐकवून मेंदूची स्कॅन केली. खाण्याच्या आवाजानं भावना आणि शरीरातल्या जाणिवांशी जोडलेला इन्सुला नावाचा भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटला, हृदयाचे ठोके वाढले. मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते याच गटाचं २०२१ मधलं काम. ऐकण्याच्या केंद्रात फरक नव्हता. फरक होता तो ओठ, जबडा, जीभ हलवणाऱ्या भागात. समोरच्याचं चावणं ऐकताना ऐकणाऱ्याच्या मेंदूतला तोंडाचा नकाशाच जास्त जागा होत होता. जणू दुसऱ्याचं तोंड आपल्या तोंडात घुसतंय. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला अशा माणसाच्या काही कामाचा नाही.

उपयोगी पडतो तो दुसरा आवाज. ठाण्यातल्या मामलेदार मिसळीच्या दुकानातल्या गर्दीत, ताटल्यांच्या खणखणाटात कोणाची मचमच ऐकू येत नाही, कारण आजूबाजूचा गोंगाट ते बारीक आवाज झाकून टाकतो. काचेच्या बंद मीटिंग रूममध्ये चौघांनी डबे उघडले की मात्र प्रत्येक घास ऐकू येतो. तेव्हा शांत खोली सोडून पंख्याखाली किंवा कँटीनच्या मध्यावर बसा. समोर न बसता शेजारी बसा, म्हणजे हलणारं तोंड दिसणार नाही. दिसण्याचा परिणाम मोठा असतो. कॅलिफोर्नियातल्या २०१९ च्या एका अभ्यासात तोच नकोसा आवाज वेगळ्या, साध्या दृश्याबरोबर ऐकवला तर कमी त्रासदायक वाटला.

आणि बोला. जेवताना नाही, चौघांत नाही. संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारताना, दोघंच असताना: ‘अरे, तुला ऐकू येत नसेल, पण जेवताना तुझ्या तोंडाचा आवाज येतो आणि माझं सगळं लक्ष तिकडे जातं. नाक चोंदतं का रे तुझं?’ संस्कार, आई-वडील, गाव यांतलं काहीही मध्ये आणू नका. सवय असेल तर लहान घास आणि घास संपल्यावर बोलणं, एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. ती लगेच मोडणार नाही, कारण चावणं बरंचसं आपोआप चालतं. चिडून दहा वेळा टोकण्यापेक्षा ठरवलेली एखादी खूण बरी.

एवढं करूनही दर जेवणाला हात थरथरत असतील, घरच्यांसोबतही जेवणं टाळलं जात असेल, तर मदत ऐकणाऱ्यानं घ्यायची. अॅमस्टरडॅममध्ये मिसोफोनियासाठी घेतलेल्या वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या उपचाराच्या, चाचणीत बऱ्याच जणांचा त्रास कमी झाला. ठाण्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जाताना ‘मला राग येतो’ एवढंच न सांगता कोणत्या आवाजानं, कोणाच्या आणि कुठे, हे लिहून न्यावं.