पेंचच्या अंधाराला सर्टिफिकेट मिळालं, पण हे सगळं सुरू कुठून झालं?

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातला पहिला डार्क स्काय पार्क (म्हणजे दिवे आवरून रात्रीचं आकाश काळोखं राखलेली जागा) म्हणून मान्यता मिळाली आणि तेव्हापासून नागपूर साइडला जाणाऱ्यांच्या यादीत वाघासोबत आकाशगंगापण आली. रील्स बघून बऱ्याच जणांना वाटतं की ही टुरिझमवाल्यांची नवीन टूम आहे. तसं नाहीये. हा उद्योग सुरू केला खगोलशास्त्रज्ञांनी, तोही स्वतःच्या दुर्बिणी वाचवायला, पर्यटक खूप नंतर आले.

अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डोक्यावर माउंट विल्सन आहे, तिथली १०० इंची दुर्बीण १९१७ ची, एडविन हबल या खगोलशास्त्रज्ञाने आपल्या आकाशगंगेबाहेर दुसऱ्या दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह, गॅलेक्सी) आहेत हे दाखवलं ते याच दुर्बिणीवर. पण खाली शहर वाढत गेलं आणि आकाश उजळत गेलं. मग दुसऱ्या महायुद्धात ब्लॅकआउट सुरू झाला, बरेचसे शास्त्रज्ञ युद्धाच्या कामाला लागले, आणि तिथला खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे जर्मन असल्यामुळे त्याला त्या कामात घेतलंच नाही, त्यामुळे गड्याला जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण आणि काळंकुट्ट आकाश दोन्ही भरपूर मिळालं! त्याने देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे करून दाखवले आणि ताऱ्यांचे दोन वेगळे प्रकार आहेत हे १९४४ मध्ये मांडलं. शहराचे दिवे घालवल्यावर काय काय दिसू शकतं याचा इतका भारी पुरावा मला दुसरा माहीत नाही.

युद्ध संपलं, दिवे परत लागले. १९५८ मध्ये ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफ गावाने जाहिरातीसाठी आकाशात मारल्या जाणाऱ्या सर्चलाइटवर बंदी घातली, कारण गावातच लॉवेल वेधशाळा, जिथे प्लूटो सापडला ती. पुढे १९८८ मध्ये त्याच ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये डेव्हिड क्रॉफर्ड आणि टिम हंटर यांनी इंटरनॅशनल डार्क स्काय असोसिएशन काढली. आज पेंचला सर्टिफिकेट देणारी डार्कस्काय इंटरनॅशनल म्हणजे हीच. २००१ मध्ये त्यांनी फ्लॅगस्टाफला पहिलं डार्क स्काय शहर केलं आणि २००७ मध्ये युटामधलं नॅचरल ब्रिजेस हे पहिलं पार्क झालं.

आपल्याकडे हौस जुनी आहे बरं का. पुण्यात कावसजी नायगमवालांनी १८८८ मध्ये कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात २० इंची दुर्बिणीची वेधशाळा उभी केली होती (ते १९१२ मध्ये निवृत्त झाल्यावर ती बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली, असो). १९४४ मध्ये पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था सुरू झाली, ८० च्या दशकात हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत खगोल मंडळ. लोकलने बदलापूरच्या पुढे वांगणीला जायचं, रात्रभर चटईवर आडवं पडून मृग, व्याध, कृत्तिका ओळखायच्या आणि सकाळच्या गाडीने परत, हे मुंबईकर कित्येक वर्षं करतायत, तेव्हा त्याला ॲस्ट्रो-टुरिझम कोणी म्हणत नव्हतं. आता बदलापूरपर्यंत टॉवर उभे राहिलेत, त्यामुळे त्या बाजूचं आकाश किती उरलंय ते तुम्हीच बघा. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेने २००६ मध्ये २ मीटरची दुर्बीण बसवली तीही पुण्यापासून लांब गिरवलीला, उगाच नाही.

मधल्या काळात एलईडी आले. २०१५ पासून सरकारी योजनेतून रस्त्यावरचे पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी लागत गेले. वीज वाचली, त्याबद्दल तक्रार नाही. पण पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश जास्त, आणि निळा प्रकाश हवेत जास्त पसरतो, म्हणजे दिवा रस्त्यावर आणि उजेड आभाळात. शिवाय स्वस्त पडतंय म्हणून आपण जिथे एक दिवा पुरतो तिथे चार लावतो. रात्रीच्या कृत्रिम उजेडाच्या २०१६ च्या जागतिक नकाशात निघालं की जगातल्या एक तृतीयांश माणसांना घराजवळून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ मध्ये हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून आकाश वर्षाला साधारण ९.६ टक्क्यांनी उजळतंय असा हिशोब आला, म्हणजे जन्मावेळी जिथे २५० तारे दिसत होते तिथे पोरगं १८ चं होईपर्यंत १०० उरतात.

मग भारतात हालचाल झाली. डिसेंबर २०२२ मध्ये लडाख प्रशासनाने स्वतःच हानलेला डार्क स्काय रिझर्व्ह (राखीव अंधारं क्षेत्र) जाहीर केलं, १,०७३ चौरस किमी, मधोमध साडेचार हजार मीटरवरची भारतीय खगोलीय वेधशाळा. तिथल्याच गावकऱ्यांना दुर्बिणी देऊन, शिकवून पर्यटकांना तारे दाखवायला उभं केलंय, मला ही आयडिया फार आवडते, कारण गावाला अंधारातून पैसे मिळाले तर गावच दिवे विझवेल.

पेंचमध्येपण खरं काम दिव्यांचंच झालं. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या भागातले शंभरहून जास्त दिवे बदलून उजेड फक्त खाली पडेल असे बसवले, वाघोडा तलावाजवळ निरीक्षणाची जागा केली. आता अडचण अशी की नाव झालं की गर्दी येते, गर्दी आली की रिसॉर्ट, आणि रिसॉर्टवाल्याला गेटवर हॅलोजन आणि झाडांना लायटिंग लागतंच लागतं. हा दर्जा कायमचा नसतो, दरवर्षी अहवाल द्यावा लागतो आणि नियम पाळले नाहीत तर तो काढूनही घेतात.