मॉलच्या जनकाच्या माथी मारलेली युक्ती

मॉलच्या जुन्या आठवणी निघाल्या की हमखास ऐकू येतं: गिऱ्हाइकाला भुलवून नको ते घ्यायला लावायचं, ही व्हिक्टर ग्रुएनची युक्ती. तिला नावही त्याचंच, 'ग्रुएन ट्रान्सफर'. हा त्या माणसावर अन्याय आहे. १९३८ मध्ये नाझींमुळे व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आलेल्या या ज्यू वास्तुविशारदाला मोटारींवर जगणाऱ्या उपनगरांना गावचा चौक द्यायचा होता. म्हणून तर १९५६ साली मिनेसोटात उघडलेल्या साउथडेल या त्याच्या मॉलच्या मधोमध झाडं होती, पक्ष्यांचा मोठा पिंजरा होता. भोवती घरं, शाळा, दवाखाना, तळं व्हावं, अशी त्याची योजना होती. पसरले ते मुख्यतः वाहनतळ! अशा मॉलांचं पितृत्व त्याने पुढे जाहीरपणे नाकारलं. लोकांना आज हुरहूर लागते ती मात्र त्या चौकाचीच, मित्रांची वाट बघत बसायच्या जागेची.