एका वस्तूला एक काम

१९१८ साली अमेरिकेतल्या सिअर्स रोबक कंपनीच्या कॅटलॉगमध्ये ‘होम मोटर’ नावाची एक वस्तू विकायला होती. किंमत ८.७५ डॉलर. घरासाठी विजेची मोटार एकच घ्यायची आणि गरज पडेल तसं तिला काही ना काही जोडायचं. कधी शिवणयंत्र, कधी पंखा, कधी अंडी फेटायची रवी. मोटार महाग होती, त्यामुळे तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. पुढे मोटारी स्वस्त आणि लहान झाल्या आणि एकेका वस्तूच्या पोटात जाऊन बसल्या. आज मिक्सरमध्ये मोटार आहे, फ्रिजमध्ये आहे, पंख्यात आहे, पण घरात एकूण किती मोटारी आहेत हे कुणी मोजायला जात नाही. मोटारीचं नावसुद्धा आपण घेत नाही. चटणी वाटतो, कपडे धुतो. फक्त टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपालाच आपण अजून ‘मोटार’ म्हणतो.

हे उदाहरण डॉन नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९९८ मध्ये दिलं होतं. संगणकाचंही असंच होईल, असं त्याचं म्हणणं होतं. सगळी कामं करणारा एक अवजड संगणक मागे पडेल आणि एकेका कामापुरती साधी, समजायला सोपी उपकरणं घरोघरी येतील. प्रत्यक्षात उलट झालं. घरातल्या वेगवेगळ्या वस्तू एका काचेच्या पाटीत शिरल्या आणि ती पाटी आपल्या उशाशी आली. आज काही लोक साधा कीपॅडचा फोन, वेगळा गजर, वेगळा कॅमेरा, कागदाची वही यांच्याकडे वळताना दिसतात. त्यामागची हकिकत त्यामुळे स्मार्टफोनच्या आधीपासून सांगावी लागते.

माझ्या आजोबांचा ट्रान्झिस्टर तपकिरी चामड्याच्या कव्हरात असायचा. कव्हराला बारीक भोकं होती आणि त्यांतून आवाज यायचा. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुणे केंद्रावरच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या. त्या संपल्या की आजोबा खटका बंद करायचे, कारण सेल संपतात. सेल मंदावले की आम्ही ते अंगणात उन्हात ठेवायचो, म्हणजे आणखी दोन-चार दिवस चालतील. वडिलांच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीने बंगळुरूत १९६१ मध्ये घड्याळं बनवायला घेतली आणि पुढची तीन दशकं नोकरी लागली, लग्न ठरलं की मनगटावर तेच घड्याळ यायचं. आंघोळ झाली की वडील त्याला चावी द्यायचे. भिंतीवर १९७३ पासून निघणारं कालनिर्णय. कॅमेरा कपाटात, रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे ‘थांब, रोल संपेल’ हे वाक्य प्रत्येक लग्नात ऐकू यायचं.

ते दिवस चांगले होते असं मी म्हणणार नाही. फोनच्या जोडणीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. परगावी निरोप पोचवायचा तर एसटीडी बूथवर रात्री दर उतरायची वाट बघायची. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यातली प्रत्येक वस्तू कुठेतरी संपायची. बातम्या संपायच्या, रोल संपायचा, कॅसेटची एक बाजू संपली की उठून ती उलटी करावी लागायची. घड्याळ बघून किती वाजले एवढंच कळायचं. वेळ बघता बघता अर्धा तास गेला, असं त्या घड्याळाने कधी केलं नाही.

काम कमी करून वस्तू चांगली होते, याचं माझं आवडतं उदाहरण सोनीचं वॉकमन आहे. १ जुलै १९७९ ला ते जपानमध्ये विक्रीला आलं. वार्ताहरांसाठीचा ‘प्रेसमन’ नावाचा छोटा टेपरेकॉर्डर सोनीकडे आधीच होता. त्यातली रेकॉर्डिंगची सोय काढून टाकली, स्टिरिओ आवाजाची सोय घातली, हेडफोन दिले. ज्यावर रेकॉर्ड करता येत नाही तो टेपरेकॉर्डर कोण घेणार, अशी शंका कंपनीतच होती. लोकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, म्हणजे दोघांना मिळून ऐकता यावं.

त्याच सुमाराला कॅलिफोर्नियात जेफ रास्किन नावाचा माणूस ॲपलमध्ये काम करत होता. ॲपलच्या मॅकिंटॉश या संगणकाचा प्रकल्प त्यानेच १९७९ मध्ये सुरू केला. ठरावीक कामासाठीचं साधं उपकरण, घरातल्या टोस्टरइतकं सरळ, ही त्याची कल्पना. अशा यंत्रांसाठी त्याने वेगळं नावही घडवलं होतं. मॅकिंटॉश त्याच्या हातून गेलं आणि वेगळ्याच दिशेने वाढलं. रास्किनने मग १९८७ मध्ये कॅनन कंपनीसाठी ‘कॅट’ हे यंत्र केलं. त्यावर मुख्यतः लिहायचं. माउस नाही, चित्रं नाहीत. सुरू केलं की मागच्या वेळी जिथे थांबलात तिथेच लिखाण उघडायचं. शब्द शोधायला स्पेसबारच्या खाली दोन खास बटणं. जेमतेम वीसेक हजार यंत्रं विकली गेली आणि वर्षभराच्या आतच कॅननने ते बंद केलं. चांगली कल्पना बाजारात हरली, एवढंच तेव्हा वाटलं असेल. या घराण्याची गोष्ट मात्र तिथे संपत नाही.

१९९५ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत मार्क वायझर आणि जॉन सीली ब्राउन यांनी ‘शांत तंत्रज्ञान’ ही कल्पना मांडली. तंत्रज्ञानाने माणसाचं लक्ष सतत मागू नये, लागेल तेवढंच मागावं, बाकी वेळ कडेला असावं. त्यांनी दिलेलं एक उदाहरण मला फार आवडतं. नॅटली जेरेमिजेंको या कलावतीने छताला छोटी मोटार लावून तिला आठ फूट लांब प्लास्टिकची दोरी टांगली होती. ती मोटार कार्यालयातल्या नेटवर्कच्या तारेला जोडलेली. नेटवर्कवर वर्दळ वाढली की दोरी गरागरा फिरायची, शांत असलं की अधूनमधून नुसती थरथरायची. नेटवर्क तुंबलंय का हे काम करता करता डोळ्याच्या कोपऱ्यातून कळायचं. ती दोरी कुणाला हाक मारत नव्हती.

त्याच वर्षी ३१ जुलैला भारतात पहिला मोबाइल कॉल झाला. कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत, म्हणून लोक नंबर बघून फोन कापायचे आणि जवळच्या बूथवरून उलटा फोन करायचे. आलेला कॉल फुकट झाला २००३ मध्ये. त्याच वर्षी नोकियाचा ११०० आला. भारतासारख्या देशांचा विचार करूनच तो घडवला होता. धूळ शिरू नये असा कीपॅड, घामाने निसटू नये अशी बाजू आणि वर टॉर्च. जगभरात २५ कोटींहून अधिक फोन विकले गेले. दोन कामं एका वस्तूत आली म्हणून इथे काहीच बिघडलं नाही. वीज गेल्यावर टॉर्च लावून कुणी तासभर टॉर्चकडे बघत बसलं नाही. एका वस्तूत अनेक कामं असणं हा मूळ दोष होता, असं मला म्हणूनच वाटत नाही.

बिघडलं ते पुढच्या पाच-सहा वर्षांत. ९ जानेवारी २००७ ला स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला तेव्हा आपण तीन वस्तू आणतोय असं सांगून सुरुवात केली: गाण्यांचा आयपॉड, फोन, इंटरनेटचं उपकरण. तेच तेच दोन-तीनदा म्हणून मग ही एकच वस्तू आहे हे सांगितलं आणि टाळ्या पडल्या. पहिल्या आयफोनवर बाहेरची ॲप नव्हती. ॲप स्टोअर उघडलं जुलै २००८ मध्ये. २००९ मध्ये ॲप बंद असतानाही फोन तुम्हाला टोचू शकेल अशी नोटिफिकेशनची सोय आयफोनवर आली. फेसबुकचं ‘लाइक’चं बटण त्याच वर्षातलं. पडदा खाली ओढून सोडला की नवीन काहीतरी येतं, ही युक्तीही त्याच वर्षी लॉरेन ब्रिक्टर या प्रोग्रॅमरने एका ट्विटर ॲपमध्ये आणली.

त्याआधी, २००६ मध्ये, आणखी एक युक्ती निघाली होती. पान संपलं की ‘पुढचं पान’ दाबायला लागू नये, खाली सरकत राहावं आणि मजकूर आपोआप येत राहावा. शोधाचे निकाल वाचणं सोपं व्हावं, हा हेतू. ती काढणारा तरुण म्हणजे एझा रास्किन. जेफ रास्किनचा मुलगा. वडील वर्षभरापूर्वीच गेले होते. ज्यांनी आयुष्यभर माणसाच्या एकाग्रतेला जपणारं यंत्र शोधलं, त्यांच्या मुलाच्या हातून नेमका ‘शेवट’ काढून टाकला गेला. एझाने पुढे याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली आणि २०१८ मध्ये ट्रिस्टन हॅरिस या गुगलच्या माजी कर्मचाऱ्याबरोबर या प्रश्नावर काम करणारी संस्था उभी केली. बापलेकाची ही गोष्ट वाचली तेव्हापासून मला कुणा एकाला दोषी धरावंसं वाटत नाही. युक्ती निरुपद्रवी होती. ज्यांची कमाई जाहिरातींवर, म्हणजे तुम्ही किती वेळ थांबता यावर चालते, त्यांच्या हाती ती पडली.

आपल्याकडे या सगळ्याचा वेग वाढला २०१६ मध्ये. एप्रिलमध्ये यूपीआय आलं, ५ सप्टेंबरला जिओ. डेटा मोजूनमापून वापरायचे दिवस काही महिन्यांत गेले. त्यामुळे इथल्या माणसाचा प्रश्न अमेरिकेतल्या माणसापेक्षा अवघड आहे. तिथे फोन बाजूला ठेवला तर करमणूक बाजूला पडते. इथे भाजीवाल्याला द्यायचे पैसे, रेल्वेचं तिकीट, सोसायटीच्या पाण्याचा निरोप, सगळंच त्याच खिशात असतं. जिओने २०१७ मध्ये कीपॅडचा फोन काढला खरा, पण पुढच्याच वर्षी त्यात यूट्यूब आणि व्हॉट्सॲपही आलं. बटणं असली म्हणजे फोन साधा, असं नाही.

परतीची वाट दिसू लागली ती साधारण २०१५ पासून. जो हॉलियर आणि काइवेई टँग यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘लाइट फोन’साठी लोकवर्गणी काढली. क्रेडिट कार्डाएवढा फोन, त्यावर फक्त बोलायचं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या पुंक्ट कंपनीने जॅस्पर मॉरिसन या डिझायनरकडून रेखाटून घेतलेला, बोलणं आणि एसएमएस एवढंच करणारा फोन आणला. २०१७ मध्ये नोकियाचा ३३१० नव्या रूपात परत आला. २०१९ च्या दुसऱ्या लाइट फोनला पुस्तकं वाचायच्या किंडलसारखा कागदी दिसणारा पडदा होता. २०१८ मध्ये खुद्द ॲपल आणि गुगलने तुम्ही फोनवर किती वेळ घालवला हे दाखवणाऱ्या सोयी दिल्या. आपला वेळ किती गेला याचा हिशोब ज्याने वेळ खाल्ला त्यानेच द्यायचा, हे मला पटत नाही, पण प्रश्न आहे हे त्यांनी कबूल केलं, याला महत्त्व आहे. परदेशातले हे साधे फोन महागही आहेत. आपल्याकडे दीड-दोन हजारांत मिळणारा कीपॅडचा फोन कोट्यवधी लोक कधी सोडून गेलेच नव्हते. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये अशा फोनवरून पैसे देण्यासाठी ‘यूपीआय १२३पे’ सुरू केलं. माझ्या मते आपल्यासाठी लाइट फोनपेक्षा ही घटना मोठी आहे, आणि तिची चर्चा फारच कमी झाली.

मी स्वतः दोन महिने साधा फोन वापरून पाहिला. मुलीच्या शाळेच्या सूचना फक्त व्हॉट्सॲपवर येतात, तिथे गाडी अडली आणि स्मार्टफोन परत घ्यावा लागला. मग उलट बाजूने सुरुवात केली. एकेक काम फोनमधून बाहेर काढायचं. पहिलं काढलं गजराचं. गावातल्या घड्याळवाल्याने खालच्या फळीवरून चावीचं गजराचं घड्याळ काढलं, सदऱ्याच्या बाहीने काच पुसली, कानाशी धरून टकटक ऐकली आणि म्हणाला, “दादा, हे आता कुणी मागत नाही.” पहिल्या दोन रात्री त्या टकटकीने झोप आली नाही. आता फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो. सकाळी डोळे उघडल्यावर हात घड्याळाकडे जातो, ते बंद होतं आणि पुढे त्यात बघण्यासारखं काही नसतं. नंतर फोन नंबरांची वही केली. त्यात आईचा नंबर लिहिताना तो मला पाठ नसल्याचं लक्षात आलं, आणि मी तिथेच बसून पाठ केला.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या हाती अभ्यासासाठी फोन आले आणि शाळा उघडल्यावरही ते सुटेनात, म्हणून ऑगस्ट २०२२ पासून गावाने एक नेम धरला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद होतात. सुरुवातीला आठवण करून द्यायला लोकांना घरोघरी फिरावं लागलं. यासाठी गावाने कुठलं ॲप घेतलं नाही. गिरणगावात पाळ्या बदलायच्या त्या भोंग्याच्याच जातीचा हा भोंगा. त्याला वाजण्यापलीकडे काही येत नाही. सात वाजता तो वाजला की पोरं वह्या काढून बसतात. साडेआठला तो पुन्हा वाजतो.